अंकगिरी महाराजांचा कानमंत्र

काशीच्या पंचगंगा घाटावर त्या सकाळी अंग धुवायला आलेल्यांपेक्षा कान धुवायला आलेले लोक जास्त होते. जो तो पाण्यात उतरे, कशाबशा दोन बुड्या मारी आणि मग उजव्या कानात बोट घालून तो इतका घासून धुई की बघणाऱ्याला त्या कानाची दया यावी. महाराजांची आज्ञाच तशी होती. मळक्या कानात आकडा टिकत नाही, असे ते म्हणत.

घाटाला लागून ज्या दगडी मढ्या, म्हणजे छोट्या कोठड्या, आहेत, त्यांतल्या एका मढीत अंकगिरी महाराज बसले होते. पुढ्यात तांब्याचा लोटा, लोट्यात गंगाजल, गंगाजलावर बेलाचे पान. माणूस पुढे येऊन बसला की महाराज त्या पानाकडे टक लावून बघत, मान डोलावत आणि मग स्वतःच्या नि त्याच्या डोक्यावरून एक भगवी शाल ओढून घेत. शालीखाली कानात एक आकडा सांगितला जाई. शाल बाजूला झाली की माणूस मुंजीतल्या बटूसारखा गंभीर चेहरा करून उठे, मग तो बटू साठीचा का असेना!

"बोला सो डोला! लिखा सो बिका! मन में रखा सो टिका!" महाराज दर खेपेला गरजत. "बच्चा, अमरीका का समंदर भी आखिर गंगा माई का ही पानी है. माई को सब खबर है. चलो, अगला कान लाओ!"

रांगेतून जयजयकार उठला. "काल ढुंढिराजला लागला!" एक जण सांगत होता. "परवा दुर्गाघाटावरच्या पुजाऱ्याला!" दुसरा म्हणाला. "महाराजांचा आकडा कधी खाली जात नाही!" तिसऱ्याने निकाल दिला. आदल्या दिवशीचे पेढे अजून काहींच्या दाढेत होते, तेव्हा शंका काढणार कोण?

शरदिनी स्नान करून पायऱ्या चढत होती, तेवढ्यात मढीतून बाहेर पडलेल्या एका उपरण्यावर तिची नजर गेली. त्या उपरण्याला कालच तिने टाका घातला होता. उपरण्याच्या आतला माणूस तिचा नवरा होता.

काशीनाथ घनपाठी ब्रह्माघाटावरच्या मराठी आळीतल्या पाठशाळेत वेद शिकवत. संहिता त्यांना उलटसुलट पाठ होती, पण भाजी आणायला पाठवले तर विकणारा जी गळ्यात मारील ती जून भेंडी घेऊन येणार. शरदिनी दुर्गाघाटावरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. एक जण पाठांतराचा आणि एक जण हिशोबाचा, असा त्यांचा संसार वीस वर्षे बरा चालला होता. होळीनंतर अंकगिरी महाराज घाटावर उतरले आणि या संसारात आकड्याने पाय टाकला.

हा आकडा काय प्रकार होता, ते सांगायला हवे. मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. न्यूयॉर्कला रोज कापसाचा भाव निघे, त्याची तार दुसऱ्या दिवशी सकाळी काशीच्या चौकात येई, आणि त्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर लोक आदल्या दिवशीच पैसे लावून बसलेले असत. शून्यापासून नवापर्यंत कुठलाही एक आकडा धरायचा. लागला तर सट्टेवाला रुपयाचे आठ देई, नाही लागला तर रुपया गंगार्पण. ज्यांनी जन्मात कापूस हाताळला तो देवाच्या वातींपुरता, ती मंडळी आता अमेरिकेच्या पिकाची काळजी वाहू लागली होती. गल्लीत भेटल्यावर प्रकृतीची चौकशी मागे पडली आणि तारेची चौकशी पुढे आली.

महाराज आधी एक पैसा घेत नसत. आकडा लागला तरच मिळकतीतली चौथाई गंगापूजनासाठी ठेवायची. ज्यांचे पूर्वज चौथाई वसूल करत हिंदुस्थानभर हिंडले, ते आता एका गोसाव्याच्या मढीत चौथाई भरत होते, आणि वर पाया पडत होते.

घरी आल्यावर काशीनाथ तडक देवघरात गेले आणि फडताळातला पितळी डबा त्यांनी खाली काढला. शरदिनी लगबगीने त्यांच्या मागे गेली.

"अहो, तो डबा कशाला?"

"आज अक्षय्य तृतीया. महाराज म्हणाले, असा योग पुन्हा बारा वर्षांनी. आज जो लावील त्याचं अक्षय होईल. सूर्यास्ताच्या आत चौकात पोचवायचं."

"त्यात बकुळची फी आहे."

"मला मालूम नाही का? म्हणून तर लावायचं! आठपट झालं की पहिल्या वर्षाची काय, सगळ्या वर्षांची फी निघते."

शरदिनीने आईकडून आलेल्या पाटल्या मोडल्या होत्या, तेव्हा तो डबा भरला होता. लेकीला, बकुळला, दिल्लीच्या डाक्टरी कॉलेजात जागा मिळाली होती. वर्षभर वाट पाहून मिळाली होती, आणि महिनाअखेर फी पोचली नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. ब्रह्माघाटावरची एक मुलगी डाक्टर होणार, म्हणून शरदिनीने पाटल्या मोडताना डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. आता मात्र तिला रडावेसे वाटले, आणि त्याहून जास्त तो डबा हिसकावून घ्यावासा वाटला.

"आणि नाही लागला तर?"

"असं अभद्र बोलू नये. मागे नव्हता का लागला मला?"

"एकदा. त्यानंतर?"

काशीनाथांनी नजर चुकवली. "त्यानंतर माझंच चुकलं. एकदा सोवळ्यात शिंक आली. एकदा आचमन करताना कुत्रं आडवं गेलं. एकदा जपाच्या वेळी मनात रबडीचा विचार आला."

"हे कोण म्हणालं?"

"महाराज. ते बरोबर ओळखतात. आणि अगं, फसवायचं असतं तर त्यांनी आधी पैसे नसते का घेतले? हरलेल्याकडून ते दमडी घेत नाहीत. मग त्यांना खोटं बोलून फायदा काय?"

शरदिनी तो प्रश्न मनातल्या मनात उलटापालटा करू लागली.

"तुझा हात पुढे कर," काशीनाथ हळूच म्हणाले. "पत्नीचा हात लागल्यावाचून संकल्प पुरा होत नाही, म्हणून महाराजांनी सगळ्यांना बायकोला आकडा कळवायची मोकळीक दिली आहे. पण तोंडाने उच्चारायचा नाही." आणि त्यांनी चार बोटे तिच्या तळव्यावर टेकवली. मग तो डबा उपरण्यात गुंडाळून ते माडीवर जपाला निघून गेले. घनपाठी गरीब माणूस खरा, पण गरीब माणूस हट्टाला पेटला की त्याला अडवणे कठीण.

स्वयंपाकघरात बकुळ कैरी किसत होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा आज शेवटचा दिवस. दुपारी आळीतल्या बायका यायच्या होत्या. पन्हे करायचे होते, हरभऱ्याची डाळ वाटायची होती, ओटीसाठी भिजवलेले हरभरे घंगाळात फुगून बसले होते.

"ऐकलं मी सगळं," बकुळ म्हणाली. तिचे किसणे काही थांबले नाही. "आई, अण्णांना आकडा लागला त्या दिवशी ढुंढिराजकाकांना का नाही लागला? तेही मढीत गेले होते ना?"

"त्यांचं सोवळं मोडलं असेल."

"आणि काल त्यांना लागला तेव्हा अण्णांचं मोडलं? एवढ्या मोठ्या आळीत रोज दोघातिघांचंच सोवळं टिकतं, आणि तेही रोज वेगळ्या दोघातिघांचं? महाराजांना तारेतला आकडा ठाऊक असेल तर तो एकच असणार. मग लागायचा तर सगळ्यांना लागायला हवा."

शरदिनीच्या हातातला वरवंटा थांबला. पंधरा वर्षे मुलींना त्रैराशिक शिकवणारी बाई ती, आणि एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, याची तिला शरम वाटली. मग तिचे तिलाच उमगले. आळीतल्या कुणीच कुणाला त्याचा आकडा विचारला नव्हता. विचारील कसा? शाल पांघरून उजव्या कानात जे सांगितले जाते ते गुरूने दिलेले असते, आणि दुसऱ्याला त्याचा मंत्र विचारायचा नाही, हे ब्रह्माघाटावर पोर बोलायला लागण्याआधी शिकते. महाराजांनी शाल उगाच नव्हती आणली. दुसऱ्या कुठल्या आळीत लोकांनी संध्याकाळपर्यंत आकडे एकमेकांना सांगून टाकले असते. इथे आठव्या वर्षापासून गायत्री पोटात ठेवायची सवय झालेली मंडळी कापसाचा भावही तितक्याच भक्तीने पोटात ठेवत होती.

"विचारून बघू या का?" बकुळ म्हणाली.

"सांगणार कोण? ढुंढिराजांची कालिंदी तर नवऱ्याचं नाव घेतानासुद्धा आढेवेढे घेते." शरदिनीने आपल्या तळव्याकडे पाहिले, तिथे मघाशी चार बोटे टेकली होती. मग तिने घंगाळातल्या हरभऱ्यांकडे पाहिले. "बकुळ, बाजूच्या दुकानातून पानाचे द्रोण घेऊन ये. पुष्कळ आण."

उन्हे कलायच्या आत घर बायकांनी भरून गेले. पितळी पाळण्यात गौर झुलत होती, वाळ्याच्या पाण्याचा वास सुटला होता, डाळीवर फोडणी पडली होती. आळीतल्या सगळ्यांत वडील बाई सीताकाकू. त्यांचे यजमान बिंदुमाधवशास्त्री म्हणजे पाठशाळेतले सर्वांत जुने पंडित. त्या गौरीशेजारच्या पाटावर बसल्या होत्या. पन्हे वाटून झाल्यावर शरदिनी उभी राहिली.

"आज आपल्या सगळ्यांच्या घरचा संकल्प आहे," ती म्हणाली. "महाराजांचा आकडा प्रत्येकीच्या मनात आहे. मला वाटतं, तो गौरीपुढे ठेवावा. देवीपासून काय लपवायचं?"

"पण बोलायची मनाई आहे ना?" ढुंढिराजांची कालिंदी लगेच म्हणाली.

"बोलायचं नाही, लिहायचंही नाही. जितका आकडा, तितके हरभरे आपापल्या द्रोणात घालायचे."

बायका सीताकाकूंकडे बघू लागल्या. अशा बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. काकूंनी पन्ह्याचा एक घोट घेतला आणि शास्त्रार्थ केला. "मौन जिभेचं असतं, बोटांचं नसतं. मौनात माळ ओढतातच की. घाला हरभरे!"

गणिताच्या बाईने गौरीचा आधार घेतला, ही गोष्ट काही फार सरळ नव्हे. पण काट्याने काटा काढायचा तर हातात काटाच धरावा लागतो.

हरभरे मोजले जाऊ लागले. कुणी पदराआड मोजत होती, कुणी डोळे मिटून. नुकते लग्न होऊन आलेली आनंदी मात्र रिकामा द्रोण घेऊन नुसती बसून राहिली.

"अगं, घाल ना," कालिंदी म्हणाली.

आनंदीने मान हलवली.

"लाजतेस काय, मूठभर घाल!"

आनंदीने पुन्हा मान हलवली, द्रोण उपडा करून दाखवला आणि लाल झाली. तेव्हा कुठे बायकांच्या ध्यानात आले की तिच्या नवऱ्याच्या कानात महाराजांनी शून्य सांगितले होते.

मग द्रोण गौरीपुढे मांडले. बकुळने सारखे सारखे एका ओळीत लावले. एकाची ओळ झाली, दोनाची झाली, अशी करत करत नवापर्यंत झाली, आणि कोपऱ्यात आनंदीचा रिकामा द्रोण. एकही आकडा सुटलेला नव्हता.

"हे काय गं?" सीताकाकू म्हणाल्या. "माझ्या म्हाताऱ्याला दोन, आणि कालिंदी, तुझ्या नवऱ्याला नऊ?"

"प्रत्येकाच्या पत्रिकेप्रमाणे वेगळा असेल," कालिंदी चाचरत म्हणाली. "महाराजांनाच विचारायला हवं."

"तेच म्हणते मी," सीताकाकूंनी पदर खोचला. "उचला गं आपापले द्रोण. पुरुष सगळे मढीपाशी जमलेच आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून महिनाभर गप्प बसलो, आता जरा उघडून बघू मुठीत काय आहे ते!"

दुपार कलली की घाटावर सावली येते. त्या सावलीत पुरुष मंडळी महाराजांचा अखेरचा आशीर्वाद घेऊन चौकाकडे निघायच्या बेतात होती. काशीनाथ उपरण्यातला डबा छातीशी धरून पहिल्या रांगेत होते. इतक्यात पायऱ्यांवरून हळदीकुंकू लावलेल्या बायकांची रांग द्रोण घेऊन उतरू लागली. कुणाला वाटले, हा गंगेचा एखादा नवा विधी असेल. महाराजांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी आशीर्वादासाठी हात वर केला.

"आओ, देवियो, आओ! माई का प्रसाद लायी हो?"

"प्रसाद नाही, महाराज, सवाल आहे," सीताकाकूंनी आपला द्रोण मढीच्या उंबऱ्यावर ठेवला. त्यामागोमाग एकेकीने ठेवला. "हे तुम्ही दिलेले आकडे. कुणी बोललं नाही, कुणी लिहिलं नाही. आता यांतला खरा द्रोण कुठला तेवढं बोटाने दाखवा. तो ठेवतो. बाकीचे गंगेत सोडतो."

पुरुष वाकून बघू लागले. ज्याने त्याने आधी आपल्या बायकोचा द्रोण शोधला, मग शेजारचा पाहिला आणि मग शेजाऱ्याकडे पाहिले. महाराजांचे बोट मात्र काही उचलेना. एक द्रोण दाखवला तर बाकी सगळी आळी अंगावर येणार, हे त्यांना कळत होते.

"ये क्या तमाशा है?" महाराजांनी आवाज चढवला. "मूरख! सबके ग्रह अलग, सबकी राशी अलग, तो सबका आकडा भी अलग!"

"पण महाराज, तार तर एकच येते," बकुळ म्हणाली. ती आईच्या शेजारी उभी होती. आवाज मोठा नव्हता, तरी मागच्या पायरीपर्यंत पोचला. "न्यूयॉर्कवाले काय आमच्या पत्रिका बघून माणशी वेगळा भाव काढतात?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसले. महाराजांनी लोट्यातल्या बेलाच्या पानाकडे पाहिले, पण पानही आज मुके झाले होते.

शरदिनी पुढे आली. ती महाराजांशी नव्हे, डबा धरून उभ्या असलेल्या आपल्या माणसाशी बोलत होती. "अहो, सकाळी तुम्ही मला विचारलंत, यांना खोटं बोलून फायदा काय? हा बघा फायदा. दहाही आकडे वाटून टाकले की रोज कुणाला तरी लागणारच. त्याला वाटतं, महाराजांची कृपा. तो पेढे वाटतो आणि चौथाई ठेवतो. बाकीच्यांना यांनी शिंक सांगितली, कुत्रं सांगितलं, रबडी सांगितली. घनपाठी माणूस चारचौघांत कसं सांगेल की माझं सोवळं मोडलं? तो गप्प बसतो. जिंकलेला ओरडतो, हरलेला तोंड मिटतो. म्हणून आळीत फक्त जिंकलेलेच ऐकू येतात."

"पण मला लागला होता, शरदिनी," काशीनाथ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी आकडा घेतला आणि तोच आला. ते काही खोटं नाही ना?"

"नाही, ते खरंच आहे. दहा जणांना दहा दिले, त्यांतला एक खरा होणार. त्या दिवशी तो तुमच्या कानात पडला. यांना ठाऊक असतं तर बाकीच्यांना वेगळा कशाला सांगितला असता?"

"बरं, महाराज खोटे," ढुंढिराज पेढे वाटणाऱ्याच्या थाटात पुढे झाले, कारण कालच जिंकल्यामुळे त्यांची छाती अजून पुढे होती. "पण सट्टा तर खरा आहे! आपल्या अकलेने लावला तर?"

शरदिनीने वेगवेगळ्या आकड्यांचे दहा द्रोण एका ओळीत सरकवले. शाळेत फळ्यापाशी उभी राहते तशी ती उभी राहिली. "समजा दहा घरांनी एकेक रुपया लावला, एकाने एक आकडा धरला. सट्टेवाल्याकडे किती आले?"

"दहा."

"एकाला लागला. त्याने किती दिले?"

"आठ."

"मग दोन कुठे गेले?"

ढुंढिराज बोटे मोजू लागले. उत्तर मात्र मागून बिंदुमाधवशास्त्र्यांनी दिले. "या महाराजांना चौकातल्या सट्टेवाल्याकडून रोज रबडीची मटकी येते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. निदान एक रुपया त्यात गेला असेल."

मग मात्र घाटावर जो हशा उठला, त्यात महाराजांची शाल, लोटा आणि राशी सगळेच वाहून गेले. "माई रूठ गयी!" असे काहीतरी ओरडत महाराज मढीतून उठले आणि खाली बांधलेल्या नावेकडे पळाले. पैलतीरावर न्यायला नाव तयार होती, पण मल्लाह वल्ह्याला हात लावीना.

"पहिले पैसा, महाराज," तो म्हणाला. "आप बाद में लेते हो, हम पहिले लेते हैं."

काशीनाथ हसले नाहीत. ते पायऱ्या चढून बकुळपाशी आले. उपरणे सोडून त्यांनी डबा तिच्या हातात दिला, पण हात मात्र लगेच काढून घेतला नाही. "चल," ते म्हणाले, "खिडकी बंद व्हायच्या आत पोस्टात जाऊ. हा डबा आज घरात राहिला तर माझा मला भरवसा नाही." बापलेक गल्लीत दिसेनासे होईपर्यंत शरदिनी बघत राहिली. मनीऑर्डर दिल्लीला रवाना झाल्याचे सांगत ते परतले, तेव्हा तिने दोघांना पोटभर डाळ वाढली. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात नेहमीप्रमाणे तार आली, आणि तारेतला शेवटचा आकडा होता चार.

ढुंढिराज धापा टाकत दारात आले. "घनपाठी! चार आला! वहिनींच्या द्रोणात चार हरभरे होते ना? मी पाहिले होते! अरेरे, आठपट झाले असते! महाराज सच्चे होते हो, आपण उगाच त्यांना हाकललं!" त्यांच्या मागे आळीतली आणखी माणसे जमली. सगळ्यांना काशीनाथांचा चेहरा बघायचा होता.

तो चेहरा बघण्यासारखा झालाच होता. काशीनाथ ओटीवर मटकन बसले. आठ वेळा भरलेला तो डबा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असणार. शरदिनी उंबऱ्यात उभी होती. काल कमावलेले सगळे आज या एका आकड्याने धुऊन नेले, असे तिला वाटले. आता हा माणूस जन्मभर मला बोल लावील आणि उद्या पुन्हा कुणा महाराजाला शोधत हिंडेल. बकुळ मागे येऊन उभी राहिली होती.

मग काशीनाथांनी मान वर केली.

"ढुंढिराज, तुमच्या कानात काय सांगितलं होतं?"

ढुंढिराज दचकले. असा प्रश्न आळीत कुणी तोंडाने विचारला नव्हता. "माझ्या? नऊ."

"आणि शास्त्रीबुवा, तुमच्या?"

"दोन," बिंदुमाधवशास्त्री म्हणाले.

"मग महाराज तुमच्यापुरते खोटे आणि माझ्यापुरते सच्चे, असं कसं होईल?" काशीनाथ सावकाश बोलत होते, आपले आपल्यालाच समजावत होते. "त्यांनी दहा सांगितले. एक खरा होणारच होता. तो माझ्याकडे होता. पोटात तुटतंय माझ्या, खोटं कशाला बोलू? पण काल लावला असता तर आज मी तो सगळा पैसा पुन्हा लावला असता. आणि माझं बघून तुम्ही सगळ्यांनी घरचे डबे काढले असते. तेव्हा माझा आकडा आला नाही असंच समजा." मग ते वळून म्हणाले, "बकुळ, आत जा, सामानाची तयारी कर."

आळीतली माणसे हळूहळू पांगली. ढुंढिराज मात्र ओटीच्या कडेला बसून राहिले. मग त्यांनी दबक्या आवाजात कबूल केले की त्यांना एकदा लागला खरा, पण त्याआधी किती वेळा गेला ते त्यांनी घरात अजून सांगितलेले नाही.

वाचकहो, लागलेला आकडा खोटा नसतो, म्हणूनच तर तो इतका फसवतो. सोडत असो, सट्टा असो की एखाद्या बाबाची विभूती असो, गुण आलेला एक माणूस तुमच्यापुढे ढोल वाजवत आणला जातो. त्याला खुशाल बघा. पण खिशात हात घालण्याआधी त्याच्या शेजारी बसलेल्यांना मोठ्याने विचारा, तुमचे काय झाले? ज्या घाटावर हा प्रश्न विचारायला बंदी असेल, तिथून तडक घरी यावे.